निळी टेप

कपाटांची ऑर्डर शुक्रवारपर्यंत द्यायची आहे.
एकदा सही केली की पुढचे सहा आठवडे
मन बदललं तरी लाकूड बदलत नाही,
असं दुकानातली बाई हसून म्हणाली.

म्हणून रिकाम्या खोलीत गुडघे टेकून
मी जमिनीवर निळी टेप चिकटवते आहे.
हे सिंक. ही शेगडी. हा फ्रीज,
आणि त्याचं दार उघडल्यावर
हवेत जी कमान निघेल, तीसुद्धा.

भिंत गुण्यात नाही.
वर तीनशे अकरा, खाली साडेतीनशे नऊ—
नाही, चुकलं, तीनशे साडेनऊ.
लेओनिदच्या मामानं हे घर बांधलं तेव्हा
त्याच्याकडे ओळंबा होता का, याबद्दल
शेतिकांमध्ये अजून दोन मतं आहेत.
मामा सांगायचा, भिंत सरळच होती,
सुएतनं वाकवली.
डोंगरावरून सुएत सुटला
की पूर्वेचं दार दोघांनी रेटूनही हलत नाही;
अख्खं घर पश्चिमेच्या दारानं येतं-जातं,
बुटांसकट, बर्फासकट,
खेकड्याच्या वासासकट.
त्या दाराजवळचे साठ सेंटीमीटर
मी कुणालाच दिलेले नाहीत.
ओव्हन मागत होता. नाही म्हटलं.

मला मधोमध एक बेट हवं होतं,
भोवती उंच स्टुलं, वर तीन दिवे.
खोक्यांची चळत लावून ते उभंही केलं.
रात्री सगळ्यांना बोलावलं, म्हटलं,
चला, स्वयंपाक करा.
ओडिलनं नसलेल्या फ्रीजमधून
नसलेलं लोणी काढलं, दार लाथेनं लावलं,
जुन्या घरात लावायची तस्सं.
मग झेली आली, माझी नणंद.
तिनं चाकाची खुर्ची शेगडीकडे वळवली
आणि बेट बुडालं.
खोकी उचलताना ती म्हणाली,
जाऊ दे, एदमे, बेटावर राहतोच की आपण.

लेओनिद चहा करायला उभा राहिला.
पाणी ठेवलं, पान टाकलं, सगळं हवेत,
आणि चमच्यासाठी डावा हात लांबवला
जिथं मी काहीच आखलं नव्हतं.
क्षणभर हात तसाच राहिला.
मग त्यानं तो मागे घेतला, आणि अंगावरून आडवा
उजवीकडच्या टेपपर्यंत नेला.

बावीस वर्षं.
जुन्या घरातही ड्रॉवर उजवीकडेच होता.
त्याचं कोपर माझ्या बरगडीला लागायचं,
मी म्हणायचे, सारखा मध्ये मध्ये काय येतोस,
तो सरकायचा.
जाळं डाव्या हातानं विणतो, पावावर लोणी डाव्यानं,
लग्नाच्या वहीत सहीसुद्धा डाव्यानं केली,
शाई फिसकटली होती, मीच टिपली.

सांगायचंस ना, मी म्हटलं.
काय सांगायचं, तो म्हणाला,
ड्रॉवर तिथंच होता.

रात्री कागदावर खोडत बसले.
ड्रॉवर डावीकडे घेतला तर पिंप खिडकीखाली येतं,
पिंप हलवलं तर फ्रिकोचं मोठं पातेलं
कुठल्याच कपाटात मावत नाही.
खोडून खोडून चौकटीच्या कागदाला
शेगडीच्या जागी भोक पडलं.
शेवटी पातेलं भिंतीवर टांगायचं ठरलं,
त्या वाकड्या भिंतीवर,
तिलाही काहीतरी काम.

पहाटे तो होडीकडे गेला, मला जाग नव्हती.
दुपारी आला, पश्चिमेच्या दाराशी बूट काढले.
मोज्याच्या टाचेला निळी टेप,
वळलेली, ओली, वाळू लागलेली:
आमच्या सिंकचा कोपरा
सकाळभर समुद्रावर फिरून आला होता.

शुक्रवारला अजून दोन दिवस आहेत.
मी पुन्हा मापं घेते.