दोन बुड्यांमधला दीड तास

मुंबईत थंडी नसते, हे मला
आयुष्यभर कोरड्या माणसांनीच सांगितलंय.

जानेवारी. भाऊच्या धक्क्यापासून पाऊण तासावर
नांगरलेलं जहाज, त्याच्या पंख्याला
गच्च आवळून बसलेलं नायलॉनचं जाळं,
आणि जहाजाच्या सावलीत आमची होडी.
सावलीतच का, असं इनास दोनदा म्हणाला.
ऊन पलीकडे होतं, तिथे लाटही होती.

पहिल्या बुडीत निम्मं जाळं कापलं.
निम्मं अजून खाली आहे, गढुळात,
जिथे स्वतःचा हातसुद्धा
ऐकीव गोष्ट असते.

घड्याळ म्हणतं, पाणी तेवीस अंश.
तेवीस अंशात लोक पंखा लावून झोपतात.
पण पाणी चोरतं ते साखर चोरल्यासारखं,
एका वेळी चिमूटभर.
डबा उघडेपर्यंत कळत नाही.

आता दीड तास थांबायचं.
रक्तात मुरलेला वायू
सोड्याच्या बाटलीचं बूच जपून फिरवावं
तसा हळूहळू सोडायचा.
कोष्टकात मिनिटं दिलेली असतात,
त्या मिनिटांत कुडकुडायचं कसं ते दिलेलं नसतं.

ते मला पोशा तांडेलनं शिकवलं.
आधी डोकं कोरडं कर, बाकीचं अंग वाट बघेल.
सूट कमरेपर्यंत सोल. ओलं रबर वाऱ्यात
उघड्या अंगाहून वाईट.
हातपाय चोळू नको,
गार रक्त आत धाडायची घाई नको,
काळजाला आधी कळू दे कोण येतंय.
आणि पाण्याखाली सूटमध्ये मुतलास तर लाजू नको,
तेवढी एकच शेगडी
देवानं सोबत दिलीय.

इनास डाबरे, बावीस वर्षांचा,
इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून,
डोक्याला आईनं विणलेली माकडटोपी,
खांद्यावर माझा रेनकोट.
गूळ-शेंगदाणे चघळत होता,
मग नुसतेच हातात धरून बसला.
म्हणाला, मी ठीक.
"ठीक"मधला ठ जिभेला जड गेला.

म्हटलं, अंगठा करंगळीला लाव.
हसला. लावायला गेला.
मधे चार बोटं अंतर राहिलं, मग दोन,
मग त्यानं दुसऱ्या हातानं
करंगळी ढकलत आणली
आणि माझ्याकडे बघितलं,
मुलं चुकीचं उत्तर खोडून बघतात तसं.

वर हाक मारली. कोण ऐकणार होतं,
चार मजले लोखंड, त्यावर गंज, त्यावर आकाश.
तरी थोड्या वेळानं
दोरीला बांधलेला तेलाचा पत्र्याचा डबा
हेलकावत, वाफा सोडत खाली आला.
कठड्यावर दोन हात दिसले, पिठाळलेले.
चेहरा दिसलाच नाही.

निम्मं समुद्राचं पाणी मिसळून
इनासचा सूट वर ओढला आणि त्याच्या मानेतून
तांब्या तांब्यानं ओतलं.
तो काही बोलला नाही.
पाठीच्या कण्यातून ऊब उतरताना
त्याचे डोळे आपोआप मिटले,
आणि ओठ, जे जांभळे होते,
जरा ओठांसारखे दिसू लागले.
डब्याच्या तळाशी डाळीचे दोन दाणे राहिले होते.

एजंटचा फोन. पुन्हा फोन.
भरती फिरतेय, जहाज खोळंबलंय,
तुम्ही लोक तिथे करता काय.

इनासचा अंगठा करंगळीला लागला.
त्यानं पुन्हा लावून बघितला. उगाच. तिसऱ्यांदाही.

मी पाठ वळवली, बेटावरच्या
तेलाच्या टाक्यांकडे बघत असल्यासारखा,
आणि पोटाशी हात धरून
माझाही अंगठा लावून पाहिला.
लागला.
दुसऱ्या प्रयत्नात.

मग फोन उचलला, म्हटलं,
अजून अर्धा तास लागेल.
पोरगं गारठलंय.