डावी बाजू

"तबला गेलाय," म्हणाला भरमाण्णा तारीहाळकर
आणि अ‍ॅम्प्लिफायर ठेवला माझ्या टेबलावर,
जुन्या लुगड्यात बांधलेला, आजारी कोंबडं आणावं तसा.
"बाई गातीया. पेटी हाय.
तबलाच तेवढा गेलाय बघा. येडगडंचा, डावीकडचा."

शहापुरात माझं दुकान, जिन्याखाली.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी उरलेल्या जागेत.
आत आल्यावर सगळ्यांच्या दुखण्याला वास एकच:
रोझिन, धूळ, तापलेलं बेकेलाइट.

झाकण उघडलं तर आत वडगाव.
मागांवरून उडालेलं रेशमाचं तूस,
राणी, मोरपंखी, मग कितीतरी वर्षं नुसतं अंजिरी.
कुठला रंग कधी खपला, ते थर सांगत होते.
ब्रशने झाडताना उगीच वाईट वाटलं.

एक कॅपेसिटर फुगला होता, बदलला.
तसला आता मिळत नाही; मेलेल्या एका डेकमधून काढला
जो मी त्याचसाठी अकरा वर्षं पुरला नव्हता.
व्हॉल्यूमच्या खुंटीत स्पिरिट सोडलं, खरखर गेली.
डावा चॅनल मोजला. ठीक.
तारा उलट केल्या, पुन्हा मोजला. ठीक.
मग त्याचीच कॅसेट लावली दुकानातल्या डब्यांवर
आणि तबला होता.
डावीकडे, वाजवणारा बसला असेल तिथंच,
मधे हातोडीने एकदा गठ्ठा ठोकल्याचासुद्धा आवाज होता.

बेस्तरवारी आला. सोबत स्वतःचा हेडफोन आणला,
स्पंज झडलेला, कानाला सुती फडकं शिवलेलं.
"शेजारचे माग थांबतात तवा करंट नसतोय.
करंट असतोय तवा थांबत न्हाईत.
म्हणून हे घालून ऐकायचं."
घातला. डोळे मिटले. उघडले.
"न्हाई की वो."

मी काही बोललो नाही. हेडफोन उलटा केला,
डाव्याचा उजवीकडे.
त्याचा चेहरा असा झाला जसं कोणी गावाहून आलंय.
"आला!" म्हणाला, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं.
मग थोड्या वेळानं, हळू:
"आन् बाई कुठं गेली?"

अडतीस वर्षं मागावर.
डाव्या हाताला मार बसतो, धोटा सुटतो,
मिनिटाला शंभरदा.
मी हे मनात म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि त्यानं पण ते मनातच ऐकलं.

चहा मागवला. चहावाल्यानं "सक्कर बेका?" विचारलं,
तर भरमाण्णानं उजवा कान पुढे केला, सवयीनं.
हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.
माझं सगळं लक्ष डब्यात.

मग मागे एक बटण बसवलं.
खाली दाबलं की दोन्ही बाजू एकाच वाटेने येतात:
बाई, पेटी, तबला, सगळे उजव्या कानाच्या एका खोलीत.
थोडी गर्दी होते. तबला पेटीच्या मांडीवर बसल्यासारखा वाटतो.
"असू दे," म्हणाला. "वडगावात घरं तसलीच."

"पोरगं म्हणतंय, टाका हे, गोल स्पीकर आणतो,
तळहाताएवढा, वायर न्हाई काय न्हाई."
लुगड्याची गाठ मारत बोलत होता.
"उद्या त्यालाच जाणार हा डबा. त्याचे दोन्ही कान चांगले हायत.
तवा तुमचं हे निघंल न्हवं?"

निघेल, म्हटलं. बटण वर केलं की झालं.
तार कापलेली नाही कुठली.

"किती?"
ऐंशी म्हटलं. त्यानं शंभर ठेवले
आणि वीस परत मागितले, नीट मोजून.

वहीत लिहिलं: तारीहाळकर, वडगाव. कॅपेसिटर एक. बटण एक.
डावी बाजू या रकान्यापुढे
पेन थोडा वेळ थांबला.
ठीक, असं लिहिलं.