धोटा

नववी ब. सत्तावन्न पोरं, एक पंखा.
खिडकीपलीकडे म्हेत्र्यांचे यंत्रमाग,
त्यांचा खडखडाट इतका अंगवळणी
की वीज गेली की विटा गाव दचकतं
आणि मी उगीच हळू बोलायला लागते.

आठ वर्षं कॉलेजात होते, तासिका तत्त्वावर.
तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर शून्य.
तिथं जे मागच्या बाकांवर डोकं टेकून झोपायचं
तेच इथं घेऊन येते आता,
डब्याच्या पिशवीतून, शनिवारी, शेवटच्या तासाला.

खंडागळे सर म्हणतात, विकलन? नववीला?
अहो, आधी दशांश चिन्ह तरी जागेवर बसू द्या.
खरंय त्यांचं.
आमच्या वर्गात दशांश चिन्ह मुंगीसारखं फिरतं.

तरी मी सुरू केलं.
विट्याहून तासगावची एस.टी., सरासरी वेग सगळ्यांनी काढला.
मग विचारलं, कारखान्याच्या फाट्यावर
ट्रॉली आडवी आली, त्या क्षणी किती होता?
वेळ लहान करत न्या.
तासाचं मिनिट, मिनिटाचा सेकंद, सेकंदाचा भुगा.
नौशाद म्हणाला, शून्य करून टाका की एकदाची.
शून्य नाही करायची रे,
त्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचं, आत नाही.
सगळे गप्प.
अभिराजचे वडील इरोडला सोनं गाळतात.
तो म्हणाला, म्हंजी घट, मॅडम.
कितीबी कमी करा, उलीशी घट ऱ्हातीच.
आठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

त्या जोरावर फळ्यावर लाट काढली.
हा तुमचा धोटा. इकडून तिकडं, तिकडून इकडं.
टोकाला वेग शून्य,
पण क्षणभरच, आणि क्षणाला लांबी नसते.
देखणं वाक्य. कॉलेजातलं.
खडूची धूळ झटकली आणि घंटा झाली.

सोमवारी चैताली तारळेकर टेबलाशी आली,
जी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.
आई कांड्या भरते, वडील रात्रपाळीला मागावर.
वडिलांच्या मोबाईलवर तिनं धोट्याचं चित्रण केलेलं,
सावकाश चालणारं,
गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर
पाच-पाच रेघांच्या जुड्या.
चुकलंय, मॅडम.
कुणाचं?
तिनं फळ्याकडं बघितलं. फळा कधीच पुसलेला होता.

एका फेकीला एकशेवीस चित्रं.
त्यातल्या सत्तरांत धोटा पेटीत गप बसलाय.
क्षणभर न्हाई, मॅडम. चांगला बसतोय.
मग दांडा हाणतोय, मग जातोय.

मी पुन्हा लाट काढली
आणि तिचा डोंगर तळहातानं पुसला.
तिथं सपाट रेघ ओढली, शेतातल्या बांधासारखी.
दोन्ही कडांना कोपरे आले.
आता सांगायलाच हवं होतं,
कोपऱ्यावर विकलज नसतो.
तिथं उतार किती, विचारायची सोय नाही.
गणित तिथं हात वर करतं.

चैताली बराच वेळ कोपऱ्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, पण तिथंच तर खट्ट वाजतंय.

सत्तावन्न माना खिडकीकडं वळल्या.
जन्मापासून ऐकलेलं सगळे पहिल्यांदा ऐकत होते.
खट्ट. मग काही नाही.
खट्ट.
नौशाद बाकावर बोटानं मोजत होता,
दारात खंडागळे सर, हातात पोषण आहाराची वही,
तेही ऐकत असावेत, किंवा माझी सही हवी असावी.

त्या खट्टला आवेग म्हणतात.
हे सांगायचं राहून गेलं.
लाट होती तिथला हात अजून पांढरा होता,
तसाच पदराला पुसला,
आणि म्हणाले, वह्या काढा. दशांश.