ओल

ऑख्टरबेगच्या चर्चची किल्ली वीतभर लांब.
मिस ग्रिझेल टॉरन्सच्या एप्रनच्या खिशात मावत नाही,
अर्धी बाहेर डोकावते.
मी ओल मोजायला आलोय.
विकायच्या आधी इमारतीची नाडी बघतात.

उत्तरेची भिंत पोपच्या काळातली,
बाकीच्या तिन्ही १६२१च्या.
जाडी तीन फूट, दोन्हीकडून दगड,
पोटात नुसती खडी आणि चुना.
छपराच्या दोन्ही टोकांना दगडी पायऱ्या चढत गेलेल्या,
कावळ्यांच्या पायऱ्या म्हणतात इथे.
आज त्यांवर कावळा नाही.
वर पिंजऱ्याएवढ्या मनोऱ्यात घंटा,
हॉलंडहून गलबतातून आलेली,
उतरवताना तडकली, ती तशीच टांगली.
"म्हणून खोकते," मिस टॉरन्स म्हणाल्या.

आत वेदी नाही.
लांब भिंतीच्या मध्यावर प्रवचनाचं व्यासपीठ,
त्यावर लाकडी छत्र,
शब्द वर उडून जाऊ नयेत म्हणून.
जमीनदाराची गॅलरी वेगळी, तिला बाहेरून जिना,
आत शेकोटी.
बाकीचे तीन-तीन तास आपापल्या श्वासाच्या वाफेत.

दाराशी भिंतीत लोखंडी गळपट्टा, साखळीसकट.
रविवारी धुणं वाळत घातलं म्हणून
बेसी टॉरन्स त्यात उभी होती. तीन रविवार.
मिस टॉरन्सनी बिजागरीवर तेलाचं बोट फिरवलं.
"आमच्या घराण्यातली.
गंजू दिला नाही आम्ही."

ईशान्येच्या कोपऱ्यात यंत्र किंचाळलं.
पोपडा धरला तर हातात आला.
मग दुसरा. मग चार शतकांचा चुना,
कांद्यासारखा, थराखाली थर,
आणि खाली डोळा.
गेरूचा, काजळाची कड असलेला, एकच, उजवा.
संताचा की माशाचा, सांगता येईना.
भिंतीला कान असतात हे ऐकून होतो.

"माहीत आहे," मागून आवाज.
"वडील चर्चचे शिपाई. दर मे महिन्यात चुना द्यायचे.
तिथे आले की पाणी जास्त घालायचे.
नऊ वर्षांची होते तेव्हा दाखवला मला,
आईला सांगू नकोस म्हणाले."
मग बाकावर बसल्या. खूप वेळ
छताकडे बघत राहिल्या, डोळ्याकडे नाही.

ओल : सत्तावीस टक्के.
कारण : पन्हळ तुंबलेली.
इतर निरीक्षणे :
इथे पेन थांबलं.
लिहिलं तर सरकारी माणसं येतील, दोऱ्या बांधतील,
डंडीचा गिऱ्हाईक पळेल, किंवा पळणार नाही.
"तुमच्या कागदात," त्यांनी विचारलं,
"शिपायासाठी रकाना असतो का?"

शिडी लावून वर गेलो.
पन्हळीत कावळ्याचं घरटं.
काटक्या, मेंढीची लोकर, बसचं तिकीट,
मूठ मूठ काढत राहिलो,
आणि पाणी एकदम वाट फुटल्यासारखं धावलं.
खाली मिस टॉरन्स दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या,
पायरी आणि तळव्याच्या मध्ये
ती किल्ली.