ओलं असताना

गावाचं नाव सूर.
पहिल्या वर्षी मी हसायचे,
नाव सूर, आणि ऐकू काय येतं,
तर एसीची घरघर
आणि दुपार कलली की गोदीतून
लाकडावर चाललेली तासणी.

हारून सुमरा, मांडवीचा, वय एकोणचाळीस.
ओहोटीला लाँचीच्या पोटाखाली उताणा पडून
तळाला धरलेले ते पांढरे, टोकेरी किडे
पत्र्याच्या उलथण्याने खरवडत होता.
आमच्या जैतापूरला त्यांना धड नावसुद्धा नाही.
कातळावर पाय कापला की शिवी द्यायची, झालं.
टेकू सरकला.

टेबलावर आला तेव्हा त्याच्या केसांत वाळू होती,
मुठीत अजून उलथणं.
सोडेना. मी एकेक बोट उघडलं.

डॉक्टर बुथैना म्हणाल्या, कबिद.
म्हणजे काळीज.
कवितेत काळीज म्हणजे भलतंच काही असतं,
खाटकाकडे मात्र हेच,
आणि हे उभं चिरलं होतं.
टाका घेतला, भिजल्या पावासारखा सुटून आला.
दुसरा घेतला, तोही.
कापूस लाल, पुन्हा कापूस, पुन्हा लाल,
सक्शनच्या बाटलीकडे मी बघायचं टाळलं.

शाळेत फाटलेली पानं आम्ही
भाताच्या शितांनी जोडायचो.
अट एकच, कागद कोरडा हवा.
पुढे सगळीकडे हेच ऐकलं.
आधी पुसा. फुंका. वाळवा.
ओल्या भिंतीला रंग धरत नाही,
ओल्या पाकिटाला तिकीट,
आणि रडणाऱ्या माणसाला आधी
डोळे पूस म्हणतात, मग काय झालं ते विचारतात.

त्या म्हणाल्या, शमीम, ती नवीन दे.
नवीन म्हणजे फ्रीजमधली सिरिंज,
आतापर्यंत दोनदाच उघडलेली,
आत करडा, तेलकट लगदा,
कणकेत तूप जास्त झाल्यासारखा.
पुसायचं नाही, त्या म्हणाल्या. तशीच.

वाहत्या रक्तावर, तशीच.
आधी त्यातलं तेल पसरलं,
रक्ताला म्हणालं जरा सरक,
आणि त्या सरकलेल्या इवल्याशा जागेत
बाकीच्याने दात रोवले.
मी हातमोज्याच्या तळव्याने दाबून धरलं,
एक, दोन, तीन,
पंधरापर्यंत मोजायचं असतं,
अकराला वाटलं आपलाच श्वास गळतोय.
पंधरा.
हात उचलला.
खाली एक डाग होता, करडा, गप्प.
कोणीच काही बोललं नाही.
बुथैनांनी मान वाकडी करून
खांद्याने गाल खाजवला.

पाचव्या दिवशी त्याला सांगितलं,
की ही युक्ती माणसाने त्याच किड्यांकडून उचलली,
लाटेखाली, चिंब दगडावर
ते आधी पाण्याला बाजूला सारतात, मग धरतात.
मला वाटलं गंभीर होईल.
तो पोट दाबून हसला, कळवळला, पुन्हा हसला.
वो हरामी? वीस साल से उखाड रहा हूँ.
मग छताकडे बघत विचारलं,
लाँचीचा अर्धा तळ राहिलाय, तो कोण करणार?
मला काय माहीत.

रात्री मिस्बाहचा फोन आला.
तेरा वर्षांची आहे, माझ्या बहिणीकडे असते,
मी वर्षातून एकवीस दिवसांची आई.
काहीतरी झालं होतं शाळेत, की घरात,
शब्द लागत नव्हते, नुसते हुंदके.
अशा वेळी मी दर वेळी म्हणते,
आधी रडणं थांबव, मग बोलू.
तोंडापर्यंत आलं होतं.

बाहेर भरतीचं पाणी
खाडीत चढत होतं.
मी काही म्हटलं नाही.
फोन कानाशी दाबून धरला
आणि मोजत राहिले.