खाली बसायचा तास

पहिल्या दिवशी मी सांगितलं,
खुर्च्या भिंतीला लावा.
तुर्भ्याच्या खदानीखालची वस्ती, समाजमंदिर,
अकरा बाया, त्यांच्या मागे आलेली सात पोरं,
आणि कुणाच्या तरी लग्नातलं 'स्वागतम्' अजून भिंतीवर,
त्यातला त गळालेला.

म्हणाले, आता तुम्ही सगळ्या चार वर्षांच्या.
कुणी हसलं, कुणी पदर ओढून घेतला,
एकेक करत बसल्या.
गंगव्वा विटकर उभीच.
"चार वर्षांची होते तवा
कडेवर भाऊ होता, मॅडम.
खाली बसायचं कसं?"

माझ्याकडे तक्ता होता,
वाशीच्या ऑफिसातून गुंडाळून आणलेला.
उलगडला की पुन्हा वळायचा,
म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.
दगडाला तिथं तोटा नाही.
तिसरं वर्ष: मूल एका पायावर उभं राहतं.
चौथं: गोष्ट सांगतं.
पाचव्यावर गंगव्वानं बोट ठेवलं.
"हितं काय लिवलंय?"
वाचून दाखवलं. गोल काढतं, गुंडी लावतं.
"आन् चूल," ती म्हणाली,
"ती लिवायची राहिली."

दुपारी मी शिकवत होते
मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांपर्यंत खाली यावं.
उभी राहून शिकवत होते.
मधेच अकराही जणींनी कानांवर हात ठेवले.
मला वाटलं, कंटाळल्या.
पोरांनीही ठेवले.
भोंगा नाही, हाक नाही, काहीच नाही.
मग सुरुंग.
पत्रे थडथडले, खडूची डबी
जमिनीवरून वीतभर सरकली.

"तुम्हांला आधी कसं कळलं?"
"क्रशर थांबला न्हवं?"
सकाळपासून चाललेली ती घरघर
मी ऐकलीच नव्हती,
तर थांबलेली कुठून ऐकणार.

पण मी पाहिलं होतं एक.
रेणुका, दोन वर्षांची, नाक वाहतं,
सकाळी आम्ही मोज्याच्या बाहुल्या केल्या
त्यातली एक तिच्या मांडीवर.
तिनं आधी बाहुलीचे कान झाकले.
स्वतःचे मग, एकाच हातानं,
एकच कान.

तक्त्यावर 'दुसऱ्याची काळजी घेतं'
हे पार खाली आहे, सहाव्या वर्षापाशी.
मी पेन काढलं.
पेन उघडंच राहिलं हातात.

तिसऱ्या दिवशी एक नवा पोरगा दारात,
चौकट धरून, आत येईना.
आम्ही दहा प्रकारे बोलावलं,
टाळ्या वाजवून, खाऊ दाखवून,
शिकवल्याप्रमाणे.
गंगव्वानं त्याच्याकडे पाठ केली
आणि तीन दिवसांत पहिल्यांदा
खाली बसली.
चार दगड उचलले, एकावर एक रचू लागली.
तक्ता आपोआप गुंडाळला गेला.

चौथा दगड पडला तसा तो आत आला.
म्हणाला, "नीळ्ळु."
"पाणी म्हण राजा, पाणी," मागून कुणीतरी.
गंगव्वानं हातानंच त्यांना गप्प केलं.
पेला भरला, त्याच्या तोंडाला लावला.
"नीळ्ळु," म्हणाली.
मग उरलेला घोट स्वतः प्यायली,
तोंड पुसलं, सावकाश म्हणाली,
"पाणी."
तो तिच्या ओठांकडे बघत होता.

हे कुठल्या सत्रात येतं
मला माहीत नाही.
अहवालात रकाना होता, 'विशेष नोंदी',
दोन ओळींचा.
मी लिहिलं: पाणी दिलं.

तक्ता तिथंच ठेवून आले, तिनं मागितला.
परवा मी गेले तर भिंतीवर होता,
पाचव्या वर्षासमोर कोळशानं काढलेली
तीन दगडांची चूल,
आणि खाली, पोरांच्या उंचीवर,
कितीतरी तळहात.

नीट बघायचं म्हणून मी वाकले,
मग बसलेच.
उठताना गुडघ्यांनी आवाज केला.
रेणुकानं लगेच
कानांवर हात ठेवले.