छिद्रित

कॅटलॉगात इतकंच होतं :
लॉट दोनशे सतरा. सातवाहन. शिसं. अकरा ग्रॅम दोन.
एका बाजूला हत्ती, सोंड वर, मागचा पाय ठशाबाहेर राहिलेला.
दुसऱ्या बाजूला फुली, चार टोकांना चार वर्तुळं.
राजा : अनिश्चित.
अवस्था : बरी, पण छिद्रित.
आणि त्या एका ‘पण’मुळे
अंदाजे किंमत माझ्या ऐपतीत उतरलेली.

फोटो बोटांनी ताणून मोठा केला.
कडेला ‘रञो सिरि’ एवढं लागतं,
पुढं नाव यायचं, तिथं हवा.
भोक गोल नाही. एका अंगाला दबलेलं,
खिळा तिरपा धरून डाव्या हातानं हाणल्यासारखं.

गेनू लिंबोरे डावखुरा होता.

पूर ओसरला की झारेकरणी नागघाटाखालची वाळू चाळायच्या.
चांदी सोनाराकडं, तांबं तांबटाकडं,
शिशाला मात्र सराफ्यात कुणी विचारायचं नाही.
ते ओंजळभर गेनूला, बदल्यात दोन वांबी.
तो वितळवायचा, मणी ओतायचा, पागाच्या घेराला ओवायचा.
हा एक मात्र त्यानं वितळवला नाही.
दगडावर ठेवला, खिळा लावला, एक घाव,
आणि सबंध राजा गेला भोकात.

मी दहा वर्षांचा. वाळत घातलेला पाग धरून बसायचो,
मोजायचो : साठ मणी, एक हत्ती.
गेनू म्हणायचा, हत्ती आधी बुडतो,
बाकीचे त्याच्या मागं जातात.

लिलाव मुंबईत, कुठल्याशा हॉटेलात.
मी पैठणला, तहसीलसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात,
मोबाईल टोनरच्या डब्याला टेकवून.
तीन हजार. साडेतीन.
‘काका, सातबारा, दोन प्रती, मागूनपुढून.’
पाच. काचेखालून हिरवा उजेड सरकत गेला.
सहा. कुणीतरी होता समोर, पॅडल एक्केचाळीस,
त्यालाही हे भोक का हवं होतं कोण जाणे.
साडेआठ.
‘काका, एक पुसट आली.’
नऊ. साडेनऊ माझे.
हातोडा मी ऐकलाच नाही,
तेव्हा मशीनमध्ये कागद अडकला होता.

वर कमिशन, कमिशनवर कर, कुरिअर.
घरी सांगितलं, ड्रम बदलावा लागला.

नाणं आलं प्लास्टिकच्या गोल डबीत, पांढऱ्या फोमवर,
दवाखान्यातून आणलेल्या दातासारखं.
सोबत एक कार्ड. आधीचा मालक : एक जुना संग्रह.
पागाचा उल्लेख नाही. वांबींचा नाही.
गेनूची पोरं धरणाच्या कामावर गेली
तेव्हा पाग कुणी विकला, किलोवर की नगावर,
कुणाच्या चिमट्यानं हा हत्ती दोरीतून सोडवला,
तेही नाही.
मीही विचारलं नाही.
विकत घेणारा माणूस फार खोलात जात नाही,
मला माहीत आहे, कारण तो मी आहे.

गुरुवारी अंकुश आला, गेनूचा नातू.
टँकर चालवतो. जातपडताळणीची कागदं, पाच संच.
डबी काउंटरवरच होती.
‘हे काय?’
जुनं नाणं, म्हणालो.
‘केवढ्याला?’
सांगितलं.
हसला. ‘भोक पडल्यालं? कामून?’
उत्तर जिभेवर होतं. मशीन चालू होती,
मी पानं जुळवत राहिलो.

त्यानं डबी उघडली. मी नको म्हणालो नाही.
अंगठा भोकावरून एकदा फिरवला,
मग हत्ती तळहातावर घेऊन
दोनदा वरखाली झुलवला, डाव्या.

‘जड हाय,’ म्हणाला. ‘पाण्यात नीट बसंल.’